कैग्यात काही झाले तर खानापूर-बेळगावच्या लोकांनी नेमके कशाला घाबरायचे?

मलप्रभाकाठ

गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या दूध संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कैगा अणुवीज केंद्रातून गळती झाली आहे, दोन दिवस पावसात भिजू नये, गळ्याला बेटाडीन लावावे आणि आयोडीनयुक्त मीठ भरून ठेवावे, असा त्याचा मजकूर होता. खाली कोणाचेही नाव नव्हते. कैग्यात तसे काहीच झालेले नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले. पण तोवर गावातल्या किराणा दुकानांतले मीठ संपले होते आणि संकलन केंद्रावर काही घरांतून नेहमीपेक्षा जास्त दूध आले होते. मुलांसाठी मागे ठेवायचे दूधसुद्धा बायकांनी डेअरीला घातले होते. आपल्या मुलांना जे पाजायला नको ते शहरातल्या मुलांना चालेल, असा हिशेब कोणी मुद्दाम केला असेल असे मला वाटत नाही, पण भीती माणसाला काय करायला लावते ते त्या दिवशी कॅनमध्ये मोजता आले.

निरोप खोटा होता म्हणून विषय संपत नाही. उद्या खरोखरच अपघात झाला तर आमच्यापर्यंत काय पोहोचेल, कोणत्या वाटेने पोहोचेल आणि आम्ही काय करायचे, हे गावात कोणालाही सांगता आले नाही. येथे जाणकार आहेत म्हणून धागा काढत आहे. अणुऊर्जा हवी की नको हा वाद कृपया दुसरीकडे करावा.

जुना प्राध्यापक

ताई, तुमच्या गटावरच्या निरोपाची वंशावळ सापडते. 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला, त्सुनामीच्या लाटांनी फुकुशिमा दाइची केंद्रातील आणीबाणीची वीजव्यवस्था बंद पाडली आणि तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. त्यानंतर तीनच दिवसांनी फिलिपाइन्समध्ये एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या नावाने बनावट संदेश फिरला आणि त्यात गळ्याला बेटाडीन लावण्याचा सल्ला होता. त्याच आठवड्यात चीनमध्ये मिठासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. म्हणजे काही वर्षांनी तोच मजकूर मलप्रभेच्या काठी आला आणि फक्त केंद्राचे नाव बदलले.

मिठाचा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. अणु-आणीबाणीत प्रौढ माणसाला देतात ती पोटॅशियम आयोडाइडची गोळी 130 मिलिग्रॅमची असते आणि तिच्यात सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असते. तेवढे आयोडीन मिठातून मिळवायचे तर एका बैठकीत साडेसहा किलोंहून अधिक मीठ खावे लागेल. किरणांनी काही होण्याच्या आत तो माणूस मिठानेच जाईल. बेटाडीन कातडीवरून पुरेसे शोषले जात नाही आणि ते पिणे तर विषारीच आहे.

खरी गोळी मात्र उपयोगाची आहे आणि तिचा उपयोग नेमका आहे. अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थांत आयोडीन-131 असते. आपली थायरॉइड ग्रंथी साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सारी कोणते हे ओळखत नाही. गोळी घेऊन ग्रंथी आधीच भरली असेल तर नंतर आलेले आयोडीन शरीराबाहेर टाकले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ही गोळी संपर्काच्या आधी चोवीस तासांत किंवा नंतर दोन तासांपर्यंत घ्यावी. आठ तासांपर्यंत घेतली तरी काही लाभ होतो. मुले, गरोदर व स्तनदा माता यांना तिची सर्वाधिक गरज असते, तर चाळिशीपुढच्या माणसाला लाभ फार कमी. सीझियमसारख्या इतर पदार्थांवर तिचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून ती सांगितल्यावरच घ्यायची असते.

आता अंतरे. सरळ रेषेत मोजले तर कैग्यापासून खानापूर सुमारे 85, बेळगाव 110 आणि निपाणी 170 किलोमीटर आहे. पाण्याची काळजी आपल्या बाजूला जवळजवळ नाही, कारण कैगा काळी नदीच्या काठी आहे, कद्रा धरणाचे पाणी वापरते आणि काळी पश्चिमेला कारवारकडे जाऊन समुद्राला मिळते. बेळगाव शहर राकसकोप आणि हिडकलचे पाणी पिते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे जाते. या नद्या काळीच्या खोऱ्यातल्या नाहीत. आपल्याकडे काही येणारच असेल तर ते वाऱ्याने येईल आणि पावसाने खाली बसेल. पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येकडून येतात, म्हणजे कैग्याहून ते प्रामुख्याने हल्याळ-धारवाडच्या दिशेला वाहतील. हिवाळ्यात ते बरेचसे उलट, समुद्राकडे वाहतात.

काळीनदी

प्राध्यापक सर, आपण बेळगावहून बोलता म्हणून 110 किलोमीटर म्हणता. मी रामनगरचा आहे, माझी सासुरवाडी जोयड्याला आहे. जोयडा कैग्यापासून सरळ रेषेत पस्तीस किलोमीटरही नाही. सुपा धरणात आमचे मूळ गाव बुडाले आणि आम्हाला रामनगरला आणून वसवले, तेव्हाही सगळे हिशेब आधी मांडलेले होते. सीमाभाग म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बेळगाव-निपाणी येते, पण कारवार, हल्याळ आणि सुपा हीही त्याच यादीतली नावे आहेत आणि या धाग्याचा विषय सर्वांत आधी त्यांच्या दारात येतो.

आणीबाणीच्या नियोजनाचे क्षेत्र केंद्राभोवती 16 किलोमीटरचे असते. तेवढ्यात सराव होतात, नकाशे असतात, गावांच्या याद्या असतात. त्याच्या बाहेरच्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर आम्हाला मिळत नाही. फुकुशिमात सक्तीचे स्थलांतर 20 किलोमीटरपर्यंत होते, पण इइताते नावाचे गाव त्याच्या बाहेर, वायव्येला होते. वारा तिकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडला आणि किरणोत्सारी पदार्थ तिथे बसले. ते गाव खाली करण्याचा आदेश एप्रिलच्या उत्तरार्धात निघाला. त्याहून वाईट म्हणजे नामिए गावचे लोक किनाऱ्यावरून पळून त्सुशिमा या आतल्या भागात गेले आणि तो भाग नेमका त्याच ढगाच्या वाटेवर होता. ढग कुठे जाईल याचे गणित करणारी यंत्रणा सरकारकडे होती, पण तिचे निष्कर्ष त्या लोकांना वेळेवर सांगितले गेले नाहीत. म्हणजे धोका वर्तुळाच्या आकाराचा नसतो आणि नियोजन मात्र वर्तुळाने करतात.

शिवाय कैग्याच्या बाबतीत शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढू नये. बांधकाम चालू असताना 13 मे 1994 रोजी पहिल्या अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा भाग कोसळला आणि त्याची रचना नव्याने करावी लागली. त्याच्याही आधी ज्ञानपीठ विजेते शिवराम कारंत यांनी प्रकल्पाला विरोध केला आणि त्या प्रश्नावर 1989 साली लोकसभेची निवडणूक लढवली. 2009 च्या नोव्हेंबरात केंद्रातल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असलेले जड पाणी मिसळल्याचे आढळले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम वाढले. ते आतल्याच कोणीतरी मुद्दाम केले असे सरकारने सांगितले.

खडेबाजार

काळीनदी, याच कैग्याच्या पहिल्या अणुभट्टीने 2018 साली सलग 962 दिवस चालण्याचा जागतिक विक्रम केला, हेही लिहावे. कूलरचे प्रकरण गंभीर होते, पण ते कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी-तपासणीतच उघडकीस आले आणि केंद्राच्या बाहेर काहीही गेले नाही. तपासणी होती म्हणून सापडले. आमच्या बाजारपेठेत रोज किती ट्रक धूर ओकत जातात त्याची तपासणी कोणी करते का?

एक्सरे खोली

मी बेळगावातल्या एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करते. आकड्यांविषयी थोडे लिहिते, कारण या विषयात लोक जेवढे आकड्यांना घाबरतात तेवढेच आकड्यांवर विसंबतातही.

माझ्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आतल्या बाजूला, एक बिल्ला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. प्लास्टिकच्या चपट्या डबीत धातूच्या पट्टीवर बसवलेल्या तीन पांढऱ्या चकत्या असतात. त्यांतील पदार्थ किरणांची ऊर्जा साठवून ठेवतो आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशाच्या रूपाने सोडतो. तो प्रकाश मोजून मी किती किरणे घेतली ते कळते. दर तिमाहीला जुना बॅज जातो आणि नवा येतो. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते, ती म्हणजे बॅज एप्रनबरोबर खुंटीला टांगून घरी जायचे नाही. खोलीत टांगलेला बॅज खोलीची मात्रा मोजतो, तुमची नाही.

मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, अन्न आणि घरातली हवा यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एक्सरेत साधारण 0.1 किंवा त्याहूनही कमी आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये 8 ते 10 च्या आसपास मिळतात. अणुऊर्जा नियामक परिषदेने सामान्य जनतेसाठी, नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रा सोडून, वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. आमच्यासारख्या कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 आणि कोणत्याही एका वर्षात कमाल 30 आहे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे पिढ्यान्‌पिढ्या लोक सरासरीच्या कितीतरी पट मात्रेत राहतात.

हे लिहिले की कोणी म्हणेल, मग घाबरायचे काहीच नाही. तसे नाही. चेर्नोबिलला 26 एप्रिल 1986 रोजी स्फोट झाला, तेव्हा 134 कामगार आणि अग्निशामकांना किरणांचा तीव्र आजार झाला आणि त्यांपैकी 28 जण काही महिन्यांत गेले. तो आजार मोठ्या मात्रेचा आहे. पण त्या प्रदेशात त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे 6,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील 15 दगावले. यातील मोठा वाटा त्या आठवड्यांत प्यायलेल्या दुधाचा होता. हवा, पाऊस, गवत, गाय, दूध, मूल ही साखळी कोणी तोडली नाही, कारण लोकांना सांगितलेच नाही. केंद्राशेजारचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे केले आणि देशाला पहिली त्रोटक बातमी 28 तारखेच्या रात्री दिली. तीही स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सार सापडल्यावर. शेजारच्या पोलंडने मात्र 29 एप्रिलपासून सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन पाजले.

माझ्या खोलीत रोज दिसणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. गरोदरपण माहीत नसताना एक्सरे काढून गेलेली बाई पुढच्या महिन्यात रडत येते आणि पाडायचे का असे विचारते. एका साध्या एक्सरेसाठी ती वेळ येत नाही, हे डॉक्टर तिला समजावून सांगतात. चेर्नोबिलनंतर ग्रीससारख्या दूरच्या देशातही, जिथे मात्रा अगदी अल्प होती, केवळ भीतीपोटी गर्भपात झाल्याची नोंद आहे. कैग्यात काही घडले तर बेळगावच्या स्त्री-रोगतज्ज्ञांच्या दारात पहिली गर्दी याच प्रश्नाची होईल, असे मला वाटते, आणि त्यासाठी कोणाची तयारी मी पाहिलेली नाही.

भाजीपाला

अक्कांनी दूध सांगितले, मी भाजीचे सांगतो. बेळगावातून रोज रात्री भाजीच्या गाड्या गोव्याला जातात. कोबी, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, सगळे. तुमच्या त्या खोट्या निरोपाच्या दिवशी मडगावच्या एका व्यापाऱ्याने मला फोन करून विचारले की माल खानापूरच्या दक्षिणेकडचा आहे का. मी नाही म्हटले आणि त्याने गाडी उतरवून घेतली. हो म्हटले असते तर कोथिंबीर चोर्ल्याच्या घाटातच सुकली असती. त्याला यंत्र लागले नाही, तालुक्याचे नाव पुरले.

जुना प्राध्यापक

भाजीपाला अण्णांनी जो अनुभव सांगितला तो फुकुशिमाच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे घेतला. तिथे 2012 च्या एप्रिलपासून अन्नासाठी मर्यादा अधिक कडक करण्यात आली, म्हणजे सामान्य अन्नात सीझियम किलोला 100 बेक्वेरेल (किरणोत्सार मोजायचे एकक), दुधात 50 आणि पाण्यात 10. त्या वर्षापासून त्या जिल्ह्यात पिकलेल्या भाताचे प्रत्येक पोते यंत्राखालून जाऊ लागले. वर्षाला सुमारे एक कोटी पोती. 2015 च्या पिकापासून एकही पोते मर्यादेबाहेर गेले नाही, तरीही दुकानात फुकुशिमा हे नाव वाचून हात मागे घेणारे गिऱ्हाईक होतेच. तिथले शेतकरी उरलेल्या बदनामीला आजही नुकसानीत धरतात. मला यातून एक गोष्ट दिसते. तपासणी अपघातानंतर वर्षभराने सुरू झाली तर ती पिकाचे रक्षण करते, पण नावाचे करत नाही. पहिल्या दिवसापासून यंत्र बाजार समितीच्या दारात दिसले तर मडगावचा व्यापारी तालुक्याचे नाव विचारणार नाही, आकडा विचारेल.

दुधाविषयी ताईंना थेट सांगतो. आयोडीन-131 चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, आठ दिवसांचे आहे, म्हणजे 80 दिवसांत त्याचे प्रमाण हजाराव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. इशारा मिळताच जनावरे चरायला सोडायची नाहीत, गोठ्यात बांधायची, झाकून ठेवलेला कडबा आणि पेंड घालायची आणि पाणी उघड्या टाकीतले न देता विहिरीचे किंवा कूपनलिकेचे द्यायचे. एवढ्याने साखळीची पहिली कडी तुटते. दूध काढून ओतून देण्याची घाई करू नये. मोजल्यावर ते वाईट निघाले तरी त्याची भुकटी करून ठेवता येते आणि आयोडीन आपोआप विरते. सीझियम-137 चे अर्धायुष्य तीस वर्षांचे आहे, त्यामुळे ते जमिनीत बसले तर प्रश्न लांबतो. चेर्नोबिलच्या पावसाने वेल्सच्या डोंगरांवरच्या मेंढ्यांवर जे निर्बंध आले ते 2012 साली उठले. अर्थात चेर्नोबिलच्या अणुभट्टीवर आपल्याकडे असते तशी बंद कवचाची इमारत नव्हती आणि तिच्यातला ग्रॅफाइट कित्येक दिवस जळत राहिला. कैग्याच्या चारही अणुभट्ट्या 220 मेगावॅटच्या, जड पाण्याच्या आणि दुहेरी कवचाच्या आहेत, म्हणून तेवढा साठा तसा बाहेर उडणे अवघड आहे. प्रत्येकी 700 मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांना 2017 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. त्या उभ्या राहतील तेव्हा हा हिशेब पुन्हा करावा लागेल.

काळीनदी

सर, अवघड आहे हे मान्य. अशक्य आहे असे आपण म्हणाला नाहीत, याबद्दल आभार. आमच्याकडे सभेला येणारे अधिकारी ते एवढ्या सहजपणे म्हणतात की मागच्या बाकावरची म्हातारी माणसेसुद्धा एकमेकांकडे बघतात.

तिसरी पिढी

मला एका वेगळ्याच अडचणीकडे लक्ष वेधायचे आहे. केंद्राच्या आवाराबाहेरच्या आणीबाणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते. कैगा उत्तर कन्नड जिल्ह्यात, खानापूर बेळगाव जिल्ह्यात, चंदगड महाराष्ट्रात आणि सत्तरी गोव्यात. वाऱ्याला यांपैकी एकही हद्द ठाऊक नाही. इशारा निघेल तो कारवारहून निघेल, कन्नडमधून निघेल, आणि खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यातल्या गावात माझी आजी तो ऐकेल तेव्हा तिला त्यातला घरात थांबा की घर सोडा हा फरकही कळणार नाही. ती मराठी शाळेत शिकली, कन्नड बोलते, पण सरकारी कन्नड तिला समजत नाही. मग ती नातवाला विचारेल, नातू मोबाइल उघडेल आणि मोबाइलवर मराठीतून जे सर्वांत आधी आलेले असेल तेच खरे ठरेल. ताईंच्या गटावरचा निरोप शुद्ध मराठीत होता, हे लक्षात घ्यावे. अफवा पसरवणाऱ्याने आमच्या भाषेची काळजी घेतली.

ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांपैकी एक आहे. इतर कागदांबाबत कोर्टकचेरी चालू राहो. पण घराची दारे लावा, गुरे बांधा, मुलांना गोळी द्या या तीन ओळींना तरी त्यातून बाहेर काढावे.

खडेबाजार

प्रत्येक विषयात सीमाप्रश्न आणलाच पाहिजे का? किरणांना मराठी-कन्नड कळत नाही.

तिसरी पिढी

किरणांना कळत नाही, आजीला कळते. म्हणूनच लिहिले.

एक्सरे खोली

दोघांनीही जरा थांबावे, ही विनंती. भाषेच्या मुद्द्याला मी वैद्यकीय बाजूने दुजोरा देते. ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात 1987 साली भंगारवाल्यांनी टाकून दिलेल्या उपचार-यंत्रातला सीझियमचा स्रोत फोडला आणि चार जण मरण पावले. पण तपासणीसाठी फुटबॉलच्या मैदानावर 1,12,000 लोक आले आणि त्यांतील 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सार सापडला. बाकीचे सगळे भीतीने आलेले होते आणि त्यांना परत पाठवणारे उत्तर त्यांच्या भाषेत, समोरासमोर, यंत्र अंगावरून फिरवून द्यावे लागले. बेळगावात अशी वेळ आली तर ते मैदान कोणते, यंत्रे किती आणि ती चालवणारी माणसे कोठून येणार, हे आधी ठरलेले असावे.

फुकुशिमाविषयी अजून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पळून जाणे हाच शहाणपणा असे येथे कोणाला वाटू शकते. तिथे दीड लाखांहून अधिक लोकांनी घरे सोडली. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून अंथरुणाला खिळलेली माणसे बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवली गेली, त्यांतील अनेक वाटेत किंवा पोहोचल्यावर दगावली. स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालांशी जोडलेले मृत्यू त्या जिल्ह्यात 2,000 हून अधिक नोंदले गेले. किरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला मात्र तिथल्या सामान्य रहिवाशांमध्ये किरणांमुळे थेट वाढलेला आजार दिसून आला नाही. म्हणून खानापूरच्या अंतरावर तरी पहिला आदेश बहुधा घरात थांबा असाच असेल. दारे-खिडक्या लावाव्यात, बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दारातच काढून पिशवीत बांधावेत, अंघोळ करावी, पाण्याचे हौद झाकावेत. वरचे कपडे काढल्यानेच अंगावर बसलेली बहुतांश धूळ निघून जाते.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. संस्थेच्या मासिक सभेत हा धागा छापून वाचून दाखवला. कडबा झाकण्याविषयी आणि जनावरे बांधण्याविषयी कोणाला काही शिकवावे लागले नाही, वळीव आला की ते हेच करतात. गोळ्यांवर मात्र बराच वेळ गेला. त्या आपणच विकत आणून कपाटात ठेवाव्यात असे काहींचे म्हणणे होते. ते टाळावे असे ठरले, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या आहेत का, नसतील तर किती वेळात येतील, हे लेखी विचारायचे आहे.

दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज तयार केला आहे. त्यातील मागण्या अशा: आणीबाणीच्या सूचनांचा मजकूर आजच कन्नड, मराठी आणि कोंकणीत तयार करून ग्रामपंचायत, दूध संस्था आणि शाळांच्या फलकांवर लावावा. अपघाताच्या काळात किरणोत्साराच्या मोजणीचे आकडे खानापूर, जोयडा, रामनगर आणि हल्याळ येथे वेळोवेळी जाहीर करावेत. दुधाची आणि भाजीची तपासणी पहिल्या दिवसापासून संकलन केंद्रावर आणि बाजार समितीत व्हावी. मसुद्यात काही सुधारायचे असल्यास रविवारपर्यंत सांगावे.

काळीनदी

खानापूरच्या यादीत कणकुंबी आणि लोंढा घालावे. नकाशात ती लहान दिसतात, पण रस्ता बंद झाला तर तीच आधी तुटतात. आमच्या बाजूने जोयड्याच्या सह्या मी गोळा करतो.

जुना प्राध्यापक

दुसऱ्या मागणीत वेळोवेळी हा शब्द ठेवू नये, दर तासाला असे लिहावे. आकडा मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) प्रतितास या एककात मागावा. प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि ती शांततेच्या काळातही दूध, पाणी, मासे तपासत असते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे गॅमा मोजणाऱ्या यंत्रांचे जाळेही देशभर आहे, तेव्हा यंत्रणा नाही असे उत्तर स्वीकारण्याचे कारण नाही. आणि एक ओळ नक्की वाढवावी, की आजचे, म्हणजे काहीही झालेले नसतानाचे, खानापूर आणि जोयड्याचे आकडे वर्षभर फलकावर लावावेत. ते साधारण 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या मागेपुढे असतील. नेहमीचा आकडा लोकांनी रोज पाहिलेला नसेल तर अपघाताच्या दिवशी 0.15 पाहूनसुद्धा गाव रिकामे होईल, आणि 15 पाहून कोणी उठणार नाही.

मलप्रभाकाठ

ओळ वाढवली. कणकुंबी आणि लोंढाही घातले. सोमवारी अर्ज देत आहोत, पोच मिळाली की येथे टाकते.